जुन्या सागवानी वाड्याच्या सुरक्षिततेची देखरेख: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा येऊ लागतात आणि त्यांबरोबर घराघरांत तेच जुने वाद सुरू होतात. एक बाजू म्हणते, ‘इतकी वर्षे उभा आहे, आताच काय व्हायचे आहे?’ दुसरी म्हणते, ‘जुना आहे म्हणजे धोकादायकच, पाडून टाका.’ या दोन्ही मतांमागे सहसा एकही मोजमाप नसते. १७८० चा नानावाडा आणि १८०७ चा विश्रामबागवाडा आजही उभे आहेत. शनिवारवाड्यातल्या इमारती मात्र १८२८ च्या आगीत जळाल्या आणि आज तिथे तट, दरवाजे व जोती तेवढी उरली आहेत. लाकडी वास्तू किती टिकेल हे तिच्या वयापेक्षा पाणी, वाळवी, आग, वाढीव वजन आणि आपली हेळसांड यांवर अधिक अवलंबून असते, आणि यांपैकी बहुतेक गोष्टींवर लक्ष ठेवता येते.

आमच्या सामाईक वाड्याच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा कुठून सुरुवात करावी हे सांगणारे मराठीत हाताशी काही नव्हते. त्यामुळे मालक, भाडेकरू, विश्वस्त किंवा वाड्यात लहानसे कार्यालय थाटलेली संस्था, यांपैकी जो कोणी हे काम अंगावर घेईल त्याच्यासाठी ही पद्धत क्रमाने मांडत आहे. ही देखरेख अभियंत्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मात्र अभियंता एका भेटीत जे पाहू शकत नाही, म्हणजे वास्तूत काळानुसार होणारा बदल, तो फक्त तिथे राहणाऱ्यालाच नोंदवता येतो.

सुरुवातीपूर्वी जमवायच्या गोष्टी

कागदपत्रे:
- मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा
- मिळकतकराच्या पावत्या, जुने बांधकाम नकाशे असल्यास त्यांच्या प्रती
- पूर्वीच्या नोटिसा, दुरुस्तीची बिले, भाडेकरारांच्या प्रती
- वाडा वारसा यादीत असल्यास त्याची श्रेणी दाखवणारा कागद
- घरातली जुनी छायाचित्रे. लग्नामुंजीच्या फोटोंत मागे दिसणारा खांब किंवा तुळई पुढे फार उपयोगी पडते

साधने:
- ओळंबा, पाणसळ, गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी
- पोलादी पट्टी, मोजपट्टी आणि ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारे व्हर्नियर कॅलिपर
- दाभण, लाकडी मुठीची हलकी हातोडी, चांगली विजेरी, छोटा आरसा
- लाकडाचा ओलावा मोजणारे दोन सुयांचे यंत्र
- शिवलेली, पाने क्रमांकित केलेली वही. सुटे कागद नकोत

कॅलिपर आणि ओलावामापक सोडले तर बाकी सगळे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. महागडे संवेदक सुरुवातीलाच विकत घेऊ नका. कुठे काय मोजायचे हे कळण्याआधी बसवलेले यंत्र फक्त आकड्यांचा ढीग लावते.

१. आधी सांगाडा समजून घ्या

वाड्याच्या आतल्या भागाचे वजन लाकडी सांगाडा पेलतो. दगडी जोत्यावर घडीव दगडाचे उथळे (खांबाच्या बुडाखालचे दगड), उथळ्यावर सागाचा खांब, खांबाच्या माथ्याशी हस्त (आधाराचे लाकडी कंस), त्यांवर तुळई (जाड आडवे लाकूड), तुळयांवर कड्या (त्याहून बारीक आडवी लाकडे), कड्यांवर पाट (फळ्या) आणि पाटांवर मातीचा थर, अशा क्रमाने वजन खाली उतरते. बाहेरच्या बाजूला बहुधा तुळयांची टोके जाड भिंतीत शिरलेली असतात, म्हणजे तिथे भिंतही वजन पेलते. कोणत्या खणात, म्हणजे खांबांच्या मधल्या भागात, वजन कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोहोचते हे बोट ठेवून सांगता येत नाही, तोवर पुढच्या पायरीकडे जाऊ नका.

सांधे बहुतेक ठिकाणी खाचेत बसवलेल्या कुसांचे आणि लाकडी खुंट्यांचे असतात. ते थोडे हलतात आणि तसे हलणे हा दोष नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, पण अनेक घरांत आतला लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला. मात्र यावरून ‘भिंत फक्त आडोशाची आहे, काढली तरी चालेल’ असा निष्कर्ष काढणे घातक आहे. खांबांमधली विटांची भरण सांगाड्याला आडवे कलंडू देत नाही. दोन खोल्यांची एक खोली करण्यासाठी अशी भिंत काढली, तर वरचे वजन पेलणारे खांब तेच राहतात, पण त्यांना बाजूने धरून ठेवणारे कोणी उरत नाही.

२. नकाशा काढा आणि प्रत्येक खांबाला क्रमांक द्या

चौकात उभे राहून सुरुवात करा. प्रत्येक मजल्याचा साधा नकाशा हाताने काढा, खणांना अक्षरे आणि खांबांना अंक द्या. तळमजल्याचा ‘ब’ खणातला तिसरा खांब म्हणजे ‘त-ब-३’, त्याच्या वरचा पहिल्या मजल्यावरचा खांब ‘प-ब-३’. वरचा खांब खालच्या खांबाच्या अगदी माथ्यावर येतो की बाजूला सरकलेला आहे, हे या कामातच लक्षात येते, आणि सरकलेला असेल तर ती जागा तिथेच लाल शाईने खूण करून ठेवा. ‘मोरीजवळचा खांब’, ‘काकूंच्या खोलीतली तुळई’ असे उल्लेख वहीत करू नका. खोल्यांचे रहिवासी बदलतात, मोऱ्या हलतात आणि दहा वर्षांनी ती नोंद कोणालाही लावता येत नाही.

३. पहिली पाहणी पाण्याच्या वाटेने करा

नवखा माणूस खालून वर पाहत जातो. तुम्ही वरून खाली या, कारण पाणी त्याच वाटेने येते. कौले सरकलेली आहेत का, दोन पाख्यांच्या मधली पन्हळ तुंबते का, पन्हळीचे तोंड भिंतीपासून पुरेसे दूर आहे का, भिंतीत पिंपळ किंवा उंबर रुजला आहे का, हे आधी पाहा. मग त्याच उभ्या रेषेत खाली या: आढे, वासे, पाटांवरचे पाण्याचे डाग, तुळईचे भिंतीतले टोक, त्याखालचा खांब आणि शेवटी जोते. वर एक कौल फुटलेले असले तर त्याचा परिणाम दोन मजले खाली, भलत्याच खोलीत दिसू शकतो.

ही पाहणी एकदा कोरड्या दिवसात आणि एकदा भर पावसात करावी लागते. पागोळ्या कुठे पडतात, चौकातले पाणी किती वेळ साचते आणि कोणत्या उथळ्याला टेकते, हे पाऊस चालू असतानाच दिसते. मोऱ्या, न्हाणीघरे आणि नंतर जोडलेली शौचालये यांच्याकडे पावसाळ्याइतकेच लक्ष द्या, कारण तिथली गळती बारा महिने चालते. भिंतीला लोणा (ओलीमुळे वर येणारे क्षार) लागला असेल तर तो किती उंचीपर्यंत आहे, ते मोजून लिहा. पुढच्या वर्षी ती रेघ वर चढली का, हे समजेल.

४. लाकूड हाताने तपासा

या पायरीला वेळ द्या. बहुतेक धोका इथेच लपलेला असतो.

चांगल्या सागाच्या गाभ्याला वाळवी आणि बुरशी सहसा लवकर लागत नाहीत, पण बाहेरच्या फिकट लाकडाला तसे संरक्षण नसते, आणि नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये घातलेले हलक्या जातीचे तुकडे तर सर्वांत आधी जातात. त्यामुळे ‘आमचा वाडा सागाचा आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. हातोडीच्या मुठीने खांबावर खालपासून वरपर्यंत वीतभर अंतराने ठोका द्या. निरोगी लाकूड खणखणीत वाजते. आत पोकळी असेल तर आवाज बद्द येतो. जिथे आवाज बदलतो तिथे दाभण टेकवून दाबा. चांगल्या सागात ते जेमतेम टोकाइतके शिरते, आणि कुजलेल्या भागात विरोध न होता आत जाते.

तेलरंगाने रंगवलेल्या खांबांशी विशेष सावध राहा. आमच्याकडे मोरीच्या भिंतीला लागून असलेला एक खांब दिसायला घरातला सर्वांत सुस्थितीतला होता, कारण वर्षानुवर्षे त्याला रंगाचे हात दिले जात होते. उथळ्यापासून चार बोटे वर दाभण टेकवले, तर रंगाचा पापुद्रा अंड्याच्या कवचासारखा फुटला आणि आतून ओलसर, काळपट माती बोटांवर आली. वाळवीने आतले लाकूड खाऊन त्या जागी माती भरली होती आणि बाहेर केवळ रंगाचा आकार खांबासारखा उभा होता. आत खोलवर दाभण टणक गाभ्याला लागले, म्हणून तो खांब वाचवता आला. खालचा कुजका भाग काढून त्या जागी नवा सागाचा तुकडा सांधून बसवला.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या लगेच सगळ्या खरवडून टाकू नका. एका नळीचा बोटभर भाग मोडा, तारीख लिहा आणि आठवड्याने पाहा. नळी पुन्हा जोडलेली असेल तर वाळवी जिवंत आहे. भुंग्याची छिद्रे दिसली तर त्याखाली काळा कागद अंथरून पंधरवड्याने बघा. ताजा, फिकट भुगा पडला असेल तर कीड चालू आहे, नसेल तर ती छिद्रे कदाचित फार जुनी असतील. औषध मारण्याची घाई ही इथली नेहमीची चूक आहे. गळती थांबवल्याशिवाय मारलेले औषध टिकत नाही, आणि नुकसान कुठवर पोहोचले आहे हे समजण्याचे पुरावेही त्यात नाहीसे होतात. उभ्या इमारतीतल्या वाळवी-उपचारासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे; ठेकेदाराला त्याप्रमाणेच काम करायला सांगा.

लाकडातल्या भेगांचे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका. धाग्याच्या दिशेने गेलेली उभी भेग बहुधा लाकूड वाळताना पडलेली असते. ती कितीही रुंद दिसली तरी, सांध्यात शिरलेली नसेल किंवा तिरकी होऊन कडेला बाहेर पडत नसेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. धाग्याला आडवी गेलेली भेग, विशेषतः तुळईच्या मध्यभागी खालच्या अंगाला, किंवा तिथे ताज्या रंगाच्या फाटलेल्या चिंध्या दिसणे, ही धोक्याची खूण आहे. तसे दिसले तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवून थेट दहाव्या पायरीकडे जा.

तुळयांची भिंतीतली टोके डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कुजण्याची सुरुवात मात्र बहुतेक वेळा तिथेच होते. भिंतीलगतचा गिलावा हलक्या हाताने बोटभर काढून विजेरी व आरशाने आत पाहा. पीओपीचे खोटे छत लावलेले असेल तर त्यात किमान चार ठिकाणी उघडता येणारी झडप करून घ्या. जे दिसत नाही त्यावर देखरेख होत नाही.

५. मोजमापाच्या जागा कायम करा

पाहणीत संशयास्पद वाटलेल्या जागा आणि तुलनेसाठी काही चांगल्या जागा अशा दोन्ही निवडा. सुरुवातीला पंधरा-वीस जागा पुरेशा आहेत. यापुढे दर वेळी तीच जागा, तेच साधन आणि शक्यतो तोच माणूस, हा नियम मोडू नका.

भिंतीतल्या भेगेसाठी तिच्या दोन्ही बाजूंना गंज न चढणारे दोन बारीक स्क्रू पक्के बसवा आणि त्यांच्या डोक्यांमधले अंतर कॅलिपरने मोजा. तीन स्क्रू त्रिकोणात बसवले तर भेग रुंदावते आहे की तिच्या बाजू एकमेकींवरून सरकत आहेत, हेही कळते. भेगेवर प्लास्टरने काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी रीत स्वस्त आहे, पण काच तडकली एवढेच ती सांगते. किती आणि कोणत्या दिशेने, हे सांगत नाही. शिवाय काच प्लास्टरवरून सुटून आली तर काही हललेच नाही असा भास होतो. गॅलरीच्या वा खांबाच्या कोरीव भागात मात्र स्क्रू कधीही मारू नका. तिथे पेन्सिलीची बारीक खूण आणि पट्टी लावून काढलेला फोटो पुरतो.

खांबाचा कल ओळंब्याने मोजा. खांबाच्या माथ्याजवळ कायमची छोटी खुंटी ठेवा, ओळंबा सोडा, त्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे तो लवकर स्थिर होतो, आणि दोरी व खांब यांतले अंतर वर आणि खाली मोजा. हे खांबाच्या दोन लगतच्या बाजूंवर करावे लागते, कारण खांब तिरपाही कलू शकतो.

तुळईचा बाक मोजण्यासाठी दोन्ही टोकांच्या खुणांमध्ये पातळ दोरी ताणून बांधा आणि मधोमध दोरीपासून तुळईपर्यंतचे अंतर घ्या. जुन्या तुळईला बाक असणे स्वाभाविक आहे. सतत वजनाखाली लाकूड वर्षानुवर्षे सावकाश वाकत जाते. तुम्हाला पाहायचा आहे तो बाकातला बदल.

जमिनीची पातळी पाण्याच्या नळीने घ्या. ही नळी दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच विश्वासार्ह आहे, त्याहून बारीक फरक तिच्याकडून मागू नका. संदर्भबिंदू हलता कामा नये, म्हणून तो लाकडी जिन्यावर किंवा आतल्या फरशीवर न ठेवता जोत्याच्या भक्कम, तडा नसलेल्या दगडावर कोरून ठेवा, आणि शक्य असेल तर वाड्याबाहेर दुसराही एक ठेवा.

ओलावामापकाच्या सुया प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी, धाग्याच्या त्याच दिशेला टोचा. लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओलावा दीर्घकाळ टिकला तर बुरशीला वाव मिळतो, म्हणून तो आकडा लक्षात ठेवा. पण यंत्राचा आकडा लाकडाच्या जातीवर, तापमानावर आणि लोणा लागलेल्या जागी क्षारांवरही बदलतो. म्हणून एकट्या आकड्याऐवजी त्याच खोलीतल्या कोरड्या खांबाशी तुलना करा. शेजारचा खांब बारा दाखवत असताना हा सव्वीस दाखवत असेल, तर कुठेतरी पाणी येत आहे हे नक्की.

६. नोंदींचे वेळापत्रक

पहिले वर्ष दर महिन्याला, त्यानंतर वर्षातून चार वेळा: मेच्या शेवटी, जुलैच्या मध्यात, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात आणि जानेवारीत. सकाळी साधारण एकाच वेळी नोंदी घ्या. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, मोजणाऱ्याचे नाव, आधीच्या आठवड्यातला पाऊस आणि घरात झालेला कोणताही बदल लिहा. कपाट हलवले, पाण्याची टाकी भरली, वरच्या मजल्यावर कार्यक्रमाला माणसे जमली, सगळे. अतिवृष्टी, भूकंपाचा धक्का, आग किंवा शेजारी पाडकाम झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

७. आकडे वाचायला शिका

सगळी मेहनत इथे कामाला लागते. साग पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, तेही मुख्यतः धाग्याच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ बदल होत नाही. म्हणून लाकडातली भेग, किंवा खांब व विटा यांमधली फट, पावसाळ्यात अरुंद होते आणि मे महिन्यात रुंद दिसते. समजा, एका फटीच्या नोंदी मे, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि पुन्हा मे अशा क्रमाने ३.२, २.६, २.७, ३.० आणि ३.२ मिलिमीटर आल्या. ही ऋतूंची हालचाल आहे. फट होती तिथे परत आली. दुसऱ्या एका भेगेच्या त्याच काळातल्या नोंदी १.८, २.१, २.७, २.९ आणि ३.३ आल्या, तर ही भेग कोणत्याही ऋतूत परत फिरत नाही, ती वाढत आहे. आज दोन्हींची रुंदी सारखीच दिसते, आणि एकदाच पाहून गेलेल्या माणसाला त्यांच्यात फरक करता येणार नाही.

म्हणून मेची तुलना मेशीच करा. जानेवारी आणि जुलैच्या आकड्यांची वजाबाकी करून घाबरणे किंवा निश्चिंत होणे, दोन्ही चुकीचे आहे. काळ्या मातीवर बांधलेल्या वाड्यात पाया स्वतःच ओलाव्याने फुगतो-आकसतो, तिथे तर पूर्ण वर्षाच्या नोंदींशिवाय काहीही बोलू नये.

एका जागेचा आकडा एकटा वाचू नका. जिन्याजवळची भेग वाढते आहे, त्याच खणातला खांब त्याच बाजूला कलतो आहे आणि वरची जमीन तिकडेच उतरते आहे, असे तिन्ही जुळले तर कारण बहुधा खांबाच्या पायाशी आहे. तिन्ही न जुळता एकच आकडा उडी मारत असेल, तर आधी मोजमाप पुन्हा घ्या.

८. वजन, दुकाने आणि शेजारचे खोदकाम

वाड्यात नकळत वाढलेले वजन हिशेबात धरा. जुन्या कडीपाटावर पन्नास मिलिमीटरचा काँक्रीटचा थर ओतला तर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलो भर पडते, तीही कायमची. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन एका-दोन खणांवर. ग्रंथसंग्रह, कापडाचे गठ्ठे, जुन्या फायली यांचेही असेच. शक्य तेवढे वजन तळमजल्यावर आणा. या उपायाला खर्च जवळजवळ नाही आणि परिणाम त्याच दिवशी होतो.

रस्त्याकडेच्या वाड्यांत दुकानाचे तोंड मोठे करण्यासाठी खांब कापून वर लोखंडी गर्डर घातलेला असतो. अशा गर्डरची दोन्ही टोके कशावर टेकली आहेत ते स्वतः जाऊन पाहा, आणि तिथे मोजमापाची जागा ठेवाच.

शेजारचा वाडा पाडून तळघरासह इमारत उभी राहणार असेल तर सामाईक भिंतीचा प्रश्न येतो. पाडकामापूर्वी दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत फोटोंसह स्थितीची नोंद करून त्यावर सह्या घ्या. खोदकाम चालू असेपर्यंत त्या बाजूच्या नोंदी आठवड्याला घ्या. पेठांखालून भुयारी मेट्रोचा मार्ग गेला आहे. मोठ्या सार्वजनिक कामांच्या वेळी यंत्रणा स्वतः आसपासच्या इमारतींवर मापनखुणा बसवतात, त्या आकड्यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा आणि वहीला जोडा.

विजेच्या जुन्या तारा तुळयांवरून गेल्या असतील तर त्या बदलून घेण्याची तारीखही याच वहीत असावी. वाळवीला जे करायला वर्षे लागतात ते आग एका रात्रीत करते.

९. अभियंता कधी आणि कोणता बोलवावा

सलग दोन मे महिन्यांत तीच वाढ दिसली, दाभण खोल शिरले, भिंतीला पोट सुटले, किंवा ओलावा कारण न सापडता चढाच राहिला, तर अभियंत्याला बोलवा. तो लाकडी बांधकामाचा अनुभव असलेला हवा, हे मी आग्रहाने सांगते. अनेक ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ काँक्रीटच्या इमारतींचा ठरलेला नमुना भरून केली जातात. वाड्याच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटचा टणकपणा तपासणाऱ्या साधनाचे) आकडे असतील आणि तुळयांच्या टोकांचा उल्लेखही नसेल, तर तो अहवाल तुमच्या वाड्याचा नाही. भेटीआधी विचारा: लाकडाची जात आणि प्रत कशी ठरवणार? लपलेली टोके कशी तपासणार? आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या मानकाप्रमाणे हिशेब करणार का? बारीक सुई लाकडात फिरवत नेऊन तिला होणारा विरोध नोंदवणारे यंत्र आणि ध्वनिलहरींची तपासणी या पद्धती उपलब्ध आहेत. सुईचे छिद्र सुमारे तीन मिलिमीटरचे असते, त्यामुळे खांबाला इजा होत नाही.

इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडी वारशाच्या जतनाची सुधारित तत्त्वे २०१७ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात स्वीकारली. नियमित देखरेख आणि कमीत कमी हस्तक्षेप हा त्यांचा गाभा आहे. दुरुस्ती सुचवणाऱ्या अभियंत्याशी बोलताना हा आधार घ्या. सिमेंटचा गिलावा सुचवला तर चुन्याचा मागा. सिमेंट भिंतीतला ओलावा आत कोंडते आणि तो जवळच्या लाकडाकडे वळतो.

१०. तातडीच्या खुणा आणि टेकू

एकाएकी दारे-खिडक्या अडकू लागणे, छतातून माती झरणे, लाकूड कडकडल्याचे आवाज वारंवार येणे, धाग्याला आडवी ताजी भेग, भिंतीचे पोट दिवसागणिक वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर मोजत बसू नका. त्या खणातली, त्याच्या वरची आणि खालची माणसे बाहेर काढा, अग्निशमन दलाला १०१ वर किंवा आपत्कालीन ११२ वर कळवा. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला असे समजू नका. मातीत रचलेल्या भिंतीत मुरलेले पाणी पुढे कित्येक दिवस तिला कमजोर ठेवते.

टेकू अभियंत्याच्या सांगण्यानेच लावावा, पण चुकीचा टेकू ओळखता आला पाहिजे. वरच्या मजल्यावर लावलेला टेकू खालच्या मजल्यावरही त्याच रेषेत थेट जमिनीपर्यंत नेला पाहिजे, नाहीतर तो तुळईचे वजन फक्त दुसऱ्या तुळईवर ढकलतो. पायाशी रुंद फळी हवी. पाचर हाताला घट्ट लागेपर्यंतच ठोकायची. जॅक फिरवून बाक ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न केला तर शेजारचे सांधे उखडतात.

११. नोटीस, परवानग्या आणि वही

महापालिका क्षेत्रात धोकादायक बांधकामाची नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते, आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद कलम २६५-अ मध्ये आहे. नोटीस हातात पडताच तिचे शब्द नीट वाचा: दुरुस्त करा, आधार द्या, रिकामे करा की पाडा? अहवालात सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ अशा श्रेणी असतात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करण्याजोगी इमारत, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत नोंदींचा तक्ता व फोटो जोडा आणि पोहोच घ्या. ‘सगळा वाडा धोकादायक’ या शेऱ्याला ‘अ ते ड खण तीन वर्षे स्थिर, ई खणात खांब क्रमांक दोनचा पाया कुजलेला, आधार दिला आहे’ असे तारीखवार उत्तर देता आले, तर चर्चा पाडण्यावरून दुरुस्तीवर येण्याची शक्यता खूप वाढते. नोंदी उलट दिशेच्या असतील, तर त्यांचेही ऐका आणि वेळेत बाहेर पडा.

भाडेकरूंनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे; दुरुस्तीची मागणी नेहमी लेखी करा. वाडा वारसा यादीत असेल तर कामापूर्वी वारसा समितीची परवानगी लागते. केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत, जसे शनिवारवाड्याभोवती, नव्या बांधकामाला मनाई आहे आणि दुरुस्तीसाठीही पुरातत्त्व यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते, म्हणजे तिथेही बांधकामाला परवानगी लागते. हे अर्ज वेळखाऊ असतात, म्हणून मेमध्ये करायच्या कामाची तयारी आदल्या दिवाळीलाच सुरू करा.

वहीची छायाप्रत दर जानेवारीत सर्व सहमालकांना आणि तुमच्या अभियंत्याला द्या, आणि मूळ वही वाड्याबाहेर, दुसऱ्या घरी ठेवा.